८ जुलै २०२०: साउथहॅम्प्टनला पहिला चेंडू पडला तेव्हा तुम्ही कुठं होतात?

जालन्याचा_ऑफकटर

परवाच्या ८ जुलैला पाच वर्षं झाली. इंग्लंड-वेस्ट इंडीज कसोटी साउथहॅम्प्टनला सुरू झाली तो दिवस. त्याआधीचा आंतरराष्ट्रीय सामना १३ मार्चला सिडनीत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, तोसुद्धा रिकाम्या मैदानात. मधे ११७ दिवस काहीच नाही. आपल्या संघाचा १२ मार्चचा धरमशालेचा सामना पावसात वाहून गेला आणि पुढचे लखनौ, कोलकाता रद्दच झाले.

माझं दुकान मार्चपासून बंद-चालू, बंद-चालू. त्या दिवशी साडेतीनला चहाचा कप घेऊन टीव्हीपुढं बसलो. तिकडं पाऊस. साडेचार, साडेपाच, पाऊसच. वडील म्हणाले, उठ आता, आज काही होत नाही. मी उठलो नाही. साडेसहाला वेस्ट इंडीजचा केमार रोच धावत आला. वर्णभेदाच्या निषेधासाठी एक गुडघा टेकवून बसलेले खेळाडू, मागं नुसत्या खुर्च्या, आणि चेंडू बॅटला लागल्याचा तो आवाज. इतका स्वच्छ आवाज मी टीव्हीवर कधी ऐकला नव्हता. दिवसभरात फक्त १७.४ षटकं झाली, इंग्लंड १ बाद ३५. पण मी त्या रात्री शांत झोपलो, कितीतरी दिवसांनी.

दोन गोष्टी विचारायच्यात. तुम्ही त्या दिवशी कुठं होतात? आणि दुसरं, साथ ऐन भरात असताना, लोक घरात कोंडलेले असताना, खेळ असा सुरू करणं बरोबर होतं का? माझं मत: हो, बरोबर होतं. पण घरातच यावर दोन तट आहेत, म्हणून इथं विचारतो.

मांजराकाठ

आमी रानात होतो भौ. त्या साली सोयाबीन उगवलंच नाही. एका कंपनीचं बी पेरलं, पंधरा दिस वाट बघितली, तासात चार-दोन रोपं. ८ जुलैला दुसऱ्यांदा पेरणी करूलालतो. सामना सुरू झालाय हे मला तिसऱ्या दिवशी पुतण्यानं सांगितलं.

सेलूचा_केबलवाला

माझा तर फोनच बंद होईना त्या आठवड्यात. लॉकडाऊनमधे निम्म्या लोकांनी स्पोर्ट्सचं पॅक काढून टाकलं होतं, जुने सामने किती दिवस बघणार. ७ तारखेला रात्रीपासून सुरू: भौ, सोनी सिक्स चालू करा.

आणि दुसऱ्या दिवशी एका काकांचा फोन, "आवाज बारीक येऊलालाय, लाईनमधे गडबड हे का?" त्यांच्या घरी जाऊन बघितलं तर आवाज बरोबरच होता. मैदानात माणसंच नव्हती, तर ओरडणार कोण. काकांना दहा मिनिटं समजावलं. मग ते म्हणाले, असं असलं तर ऱ्हाऊ दे, मी आवाज वाढवून बघतो.

रात्रपाळी

मी औरंगाबादच्या (तेव्हा नाव तेच होतं) एका सरकारी दवाखान्यात परिचारिका. ८ जुलैला कोविड वॉर्डात होते. तुम्ही मत विचारलंत म्हणून सांगते. माझं मत तुमच्या विरुद्ध आहे.

शहरात १० ते १८ जुलै कडक लॉकडाऊन लागला, आठवत असेल. म्हणजे कसोटीचे शेवटचे तीन दिवस त्यातच. आमच्याकडं त्या दिवसांत स्वॅबचा अहवाल यायला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागायचे. आई एका वॉर्डात, लेकरू दुसरीकडं, आणि अहवाल नाही म्हणून दोघांची भेट नाही. आणि तिकडं खेळाडूंच्या तपासण्या पुन्हा पुन्हा, ठरल्या वेळी, विमान खास, हॉटेल मैदानातच. मला खेळाडूंचा राग नव्हता. पण रात्री पीपीई किट उतरवून खाली बसले की कुणीतरी मोबाईलवर स्कोअर बघत असायचं आणि मला वाटायचं, आत्ता? आत्ताच कशाला?

जालन्याचा_ऑफकटर

रात्रपाळी ताई, लिहिलंत ते बरं केलंत. माझी बहीणही तेव्हा ड्यूटीवर होती आणि तिचं म्हणणं असंच आहे. घरातला दुसरा तट म्हणजे तीच.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

ताईंच्या मुद्द्याला धरून थोडी माहिती देतो, खोडून काढायला नाही.

साउथहॅम्प्टन आणि मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड ही दोनच मैदानं निवडली कारण दोन्हींना मैदानालगतच हॉटेल आहे. वेस्ट इंडीजचा संघ ९ जूनला खास विमानानं मँचेस्टरला उतरला, चौदा दिवस विलगीकरणात राहिला, सराव सामनेही आपसातच खेळला. ज्यांना धोका नको होता त्यांना घरी राहायची मोकळीक होती. डॅरेन ब्राव्हो, हेटमायर आणि कीमो पॉल आले नाहीत आणि त्यांच्या मंडळानं त्यांना दोष दिला नाही. इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार जो रूट, त्याला बाळ होणार होतं, तो पहिली कसोटी सोडून घरी गेला, म्हणून स्टोक्स कर्णधार. साथीच्या काळात 'नाही' म्हणायचा हक्क किती जणांना मिळाला? आपल्याकडच्या गावोगाव फिरणाऱ्या आशा सेविकांना तरी मिळाला का? ताई, तुमचा सवाल मला त्या बाजूनं जास्त खरा वाटतो.

बालाघाट

मास्तर 🙏

मी बीडचा. पहिला दिवस मलाही आठवतो पण मला खरा आठवतो तो १२ जुलै, रविवार. २०० धावा हव्यात आणि वेस्ट इंडीज ३ बाद २७. कॅम्पबेलच्या पायाच्या बोटावर आर्चरचा चेंडू बसला, तो लंगडत आत गेलेला. मी म्हटलं संपलं. मग ब्लॅकवुड. ९५ काढल्या गड्यानं! शतक हुकलं पण सामना आणून ठेवला. शेवटी कॅम्पबेल परत आला आणि होल्डरबरोबर नाबाद राहिला. ४ गडी राखून जिंकले.

आणि शॅनन गॅब्रिएल. घोट्याची शस्त्रक्रिया झालेली, आधी मूळ संघातही नव्हता, राखीव म्हणून आणलेला. दोन डावांत ९ बळी. होल्डरचे पहिल्या डावात ४२ धावांत ६. ज्यांना घरच्या मैदानावर चार महिने चेंडू हातात धरता आला नाही, ते येऊन असं खेळले. मला तरी ते बघून हुरूप आला. आमच्या गल्लीत तेव्हा कंटेन्मेंट झोनचे बांबू लागलेले. बांबूच्या अलीकडं उभं राहून पलीकडच्या मित्राला ओरडून स्कोअर सांगत होतो.

नागसेनवन

पहिल्या दिवसाचा पाऊस तुम्ही सगळे वाया गेलेला वेळ म्हणून सांगताय. माझ्यासाठी तोच दिवसातला सगळ्यात मोठा भाग होता. त्या पावसात वेस्ट इंडीजचा जुना वेगवान गोलंदाज मायकेल होल्डिंग टीव्हीवर बोलला.

अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसांनी मे महिन्यात मारलं होतं. त्यावर होल्डिंग आणि इंग्लंडकडून खेळलेली इबनी रेनफर्ड-ब्रेंट यांना विचारलं गेलं. होल्डिंग चिडून बोलला नाही, शिकवत बोलला. म्हणाला की शाळेत आपल्याला एडिसननं बल्ब शोधला एवढंच सांगतात. पण टिकणारी कार्बनची तार करणाऱ्या लुईस लॅटिमर या काळ्या माणसाचं नाव कुणी शिकवत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एका मुलाखतीत आईवडिलांबद्दल बोलताना त्याला रडू आलं. नवरा फार काळा म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं.

मी मिलिंदमधे शिकलो. वडील नामांतराच्या लढ्यात होते, १४ जानेवारी १९९४ला घरात काय झालं होतं ते मला लहान असूनही आठवतं. त्या संध्याकाळी वडील आणि मी दोघंच टीव्हीपुढं. त्यांना इंग्रजी थोडं थोडं समजतं, उरलेलं मी सांगत होतो. ते मधेच म्हणाले, "हा आपलाच माणूस आहे." मग त्यांनी मला शंभर वर्षांपूर्वीचे दलित गोलंदाज पळवणकर बाळूंची गोष्ट सांगितली. पुण्यात ज्यांच्यासाठी ते बळी घ्यायचे तेच लोक त्यांना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात द्यायचे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधार मात्र त्यांना कधी होऊ दिलं नाही. पुढं १९२३ला भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. मी इतकी वर्षं क्रिकेट बघतोय, आणि हे मला वडिलांनी इंग्लंडमधल्या पावसामुळं सांगितलं.

वडील आता नाहीत. २०२१च्या एप्रिलमधे गेले, दुसऱ्या लाटेत. म्हणून मला विचाराल तर तो सामना झाला ते बरंच झालं.

रात्रपाळी

नागसेनवन दादा, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. एप्रिल २०२१ मी विसरू शकत नाही.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

वडिलांना अभिवादन. एक जोड देतो: १९३७च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले होते आणि हरले. आधी मात्र बाबासाहेबांना त्यांच्याबद्दल फार अभिमान होता. दोन्ही गोष्टी सांगितल्या म्हणजे माणूस पुरा कळतो.

नागसेनवन

हो सर, तेही वडिलांनी सांगितलं होतं. त्यावर आमचा वाद झाला होता, रात्री अकरापर्यंत.

पूर्णा_जंक्शन

थुंकीचं कुणीच काढलं नाही अजून!

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

काढतो. मी शाळेत पंचवीस वर्षं पोरांना मध्यमगती गोलंदाजी शिकवली, हा विषय माझा आहे.

चेंडूची एक बाजू घासून-पुसून गुळगुळीत ठेवायची, दुसरी खडबडीत होऊ द्यायची. खडबडीत बाजूवरची हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, गुळगुळीत बाजूवरची लवकर सुटते, आणि चेंडू खडबडीत बाजूकडं वळतो. शिवण थोडी तिरकी धरली पाहिजे, तरच. थुंकी घामापेक्षा दाट, त्यानं चकाकी लवकर चढते. आयसीसीनं थुंकीला बंदी घातली, घाम चालेल म्हटलं. चुकून लावली तर एका डावात दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा पाच धावांचा दंड. मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत इंग्लंडच्या सिबलीनं सवयीनं लावली आणि पंचांनी चेंडू जंतुनाशकानं पुसला. क्रिकेटच्या इतिहासात पंच चेंडूला औषध लावताना मी तेव्हाच पाहिले.

सगळे म्हणत होते गोलंदाज मरणार. मेले नाहीत. इंग्लंडमधे वापरतात तो ड्यूक चेंडू घामावर चांगला चालला. ब्रॉडला पहिल्या कसोटीत बसवलं होतं, तिसऱ्या कसोटीत त्याचा ५०० वा बळी झाला. ऑगस्टमधे पाकिस्तानविरुद्ध अँडरसनचा ६०० वा.

पूर्णा_जंक्शन

मास्तर, आमच्या टेनिस बॉलला घाम लावला तर काय होतं?

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

ओला होतो.

पूर्णा_जंक्शन

😄😄 पुराव्यानिशी मान्य.

तुळजापूर_एक्सप्रेस

त्या उन्हाळ्यातला माझा आवडता सामना वेगळाच. ४ ऑगस्ट, त्याच साउथहॅम्प्टनला आयर्लंडनं इंग्लंडविरुद्ध ३२९ धावांचा पाठलाग केला. स्टर्लिंग १४२, बालबर्नी ११३. मैदानात टाळ्या वाजवायला त्यांचे त्यांचेच खेळाडू. मी तुळजापुरात गच्चीवर एकटा उभा राहून टाळ्या वाजवल्या. मंदिर बंद होतं तेव्हा, गावात इतकी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. शेजारच्या मावशींनी विचारलं, काय झालं रे? म्हटलं, आयर्लंड जिंकलं. म्हणाल्या, कुणाचं का होईना, कुणीतरी जिंकलं.

मांजराकाठ

मावशी लई भारी.

डावखुरी_परभणी

सगळं वाचलं. आता माझं ऐका.

तुमचं क्रिकेट ११७ दिवसांनी परत आलं. माझं कधी आलं माहितीये? ८ मार्च २०२०ला मेलबर्नला महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल झाली. ८६,१७४ माणसं मैदानात. भारत हरला पण मी त्या दिवशी ठरवलं होतं की परभणीत मुलींचा संघ उभा करायचा. मग सगळं बंद झालं. जुलैमधे पुरुषांचं सुरू झालं, सप्टेंबरमधे इंग्लंड आणि वेस्ट इंडीजच्या बायका डर्बीला खेळल्या, आयपीएल दुबई-अबुधाबीत झालं, आपले पुरुष नोव्हेंबरमधे ऑस्ट्रेलियात खेळले. आणि भारताच्या मुली मैदानात आल्या ७ मार्च २०२१ला, लखनौत, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. एक दिवस कमी एक वर्ष! सराव नाही, सामने नाहीत, ती मालिका ४-१ अशी हरलो. मग लोक म्हणाले, बघा, खेळता येत नाही.

म्हणून ऑफकटर दादा, तुमचा प्रश्न मला थोडा बदलून हवाय. सुरू करणं बरोबर होतं का, याच्याआधी विचारा: कुणाचं सुरू केलं आणि कुणाचं शेवटी ठेवलं?

जालन्याचा_ऑफकटर

ताई, हा विचार मी केलाच नव्हता. ११७ हा आकडा मी पाच वर्षं सगळ्यांना सांगतोय, आणि तो निम्म्याच क्रिकेटचा आहे.

बालाघाट

डावखुरी ताईंच्या रांगेत आणखी एक. रणजी. २०२०-२१चा रणजी करंडक झालाच नाही. १९३४-३५ला सुरू झाल्यापासून ८७ वर्षांत पहिल्यांदा. मुश्ताक अली आणि विजय हजारे स्पर्धा घेतल्या, पण लांब सामन्यांवरच ज्यांचं घर चालतं त्यांचं काय? पुढच्या वर्षी मंडळानं आधीच्या मोसमात खेळलेल्यांना निम्मी मॅच फी भरपाई म्हणून द्यायचं ठरवलं, पण तोवर दीड वर्ष गेलं.

हे आपल्या भागाला जास्त लागतं. संजय बांगर आमच्या बीडमधे जन्मलेला, अंकित बावणे पैठणकडचा, विजय झोल जालन्याचा. आपल्या पोरांची शिडी रणजीच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एक मोसम गेला की गेला. माझ्या मामेभावाचा गेला. वयोगटाची निवड चाचणी होणार होती, झाली नाही, पुढच्या वर्षी वय निघून गेलं. आता तो पुण्यात गोदामात नोकरी करतो. त्याला अजून क्रिकेट लावलेलं चालत नाही घरात.

सेलूचा_केबलवाला

😔

गोदाकाठ_नांदेड

मी ब्रिस्बेनच्या गाबा कसोटीबद्दल लिहायला आलो होतो, वरचं वाचून थांबलो होतो. तरी लिहितो, कारण माझ्यासाठी क्रिकेट तेव्हा परत आलं.

ॲडलेडला आपण ३६वर आटोपलो. मग रहाणेचं मेलबर्नचं शतक, तो आपल्या शेजारचा, संगमनेरकडचा. सिराजचे वडील दौऱ्यात वारले, पोरगा घरी न जाता थांबला. आणि १९ जानेवारी २०२१. गाबावर ऑस्ट्रेलिया १९८८पासून हरलं नव्हतं, आपल्याला ३२८ हवे होते, अर्धा संघ जखमी. त्याआधी पहिल्या डावात शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदरनं वाचवलेलं. मी पहाटेपासून टीव्हीपुढं, बायकोनं आंघोळीचं पाणी तीनदा तापवलं. पंतनं शेवटचा चौकार मारला तेव्हा खाली चौकात फटाके. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथं मैदानात माणसं होती. कमी होती, पण होती. ते बघून कळलं, जुलैपासून काय नव्हतं ते.

तुळजापूर_एक्सप्रेस

आणि दोन महिन्यांनी पुण्याजवळ गहुंजेला परत शून्य प्रेक्षक. २३, २६, २८ मार्च २०२१, इंग्लंडविरुद्धचे तिन्ही एकदिवसीय सामने. आम्ही चौघं मित्र गाडी करून जाणार होतो. आपल्याला सामना बघायचा तर पुणे, नागपूर नाहीतर हैदराबाद, मराठवाड्यात कुठं काय आहे? शेवटचा सामना ७ धावांनी जिंकला, सॅम करन ९५ नाबाद. घरीच बघितला. त्या चौघांपैकी एक जण मे महिन्यात गेला. त्याच्या वाट्याचे पैसे अजून माझ्याकडं आहेत, त्याच्या घरचे घेत नाहीत.

रात्रपाळी

मी परत आले. दोन दिवस विचार केला.

माझं मत बदललेलं नाही. तपासण्या ज्यांना आधी मिळायला हव्या होत्या त्यांना आधी मिळाल्या नाहीत, हे मी आजही म्हणेन. पण मी स्कोअर बघणाऱ्या सहकाऱ्यांवर चिडायचे ते चुकीचं होतं. आमच्यातला एक वॉर्डबॉय रोज रात्री भिंतीवरच्या पाटीवर धावफलक लिहायचा, सामन्याच्या पाचही दिवशी. मी एकदा पुसून टाकला होता. त्यानं काही न बोलता परत लिहिला. काल त्याला फोन केला, पाच वर्षांनी. तो आता घनसावंगीकडं असतो. म्हणाला, ताई, पाटीवर रोज मेलेल्यांचा आकडा असायचा, मला दुसरा कुठला तरी आकडा लिहायचा होता.

जालन्याचा_ऑफकटर

ताई, हा धागा बहिणीला दाखवतो.

डावखुरी_परभणी

येत्या रविवारी सकाळी सातला आमच्या मुलींचा सामना आहे परभणीत, सेलूच्या संघाशी. २०२१ला अकरा जणींनी सुरू केलं, आता चौतीस आहेत. मास्तर, तुमच्यासाठी खास: या मुली बंदीच्या काळात शिकल्या. थुंकी लावायची सवय त्यांना लागलीच नाही, नुसत्या घामावर चेंडू चमकवतात. यंदा आयपीएलमधे थुंकीची बंदी उठवली तेव्हा मी त्यांना सांगितलं. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, ईईई.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

येतो. पहाटेची बस मिळाली तर टॉसच्या आत. शिवण बघायचीय मला त्यांची.

पूर्णा_जंक्शन

मी रेल्वेनं. माझी लेक पण येईल, नऊ वर्षांची आहे, डावखुरीच आहे. बघता का तिला?

डावखुरी_परभणी

घेऊन या. बूट घालून आणा, चपला नकोत.

सेलूचा_केबलवाला

सेलूच्या संघात माझी भाची आहे, आधीच सांगून ठेवतो, आम्ही सेलूकडून ओरडणार. पाच वर्षांचं ओरडायचं बाकी आहे.